सात सूत

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा पंचगंगेवर धुकं होतं. राख वरून गार लागत होती, पण आत हात घातला की अजून कोमट. दादा, म्हणजे आत्तीचा थोरला, खाली बसून अस्थी वेचत होता आणि मी गाडगं धरून उभा होतो. स्मशानातला माणूस आकड्यानं राख सारत होता. मध्येच आकडा कशावर तरी आपटला आणि ‘टण्’ असा आवाज झाला. त्यानं ओढून काढलं तर वीतभर लांबीचा, किंचित वाकडा, चपटा दांडा आणि त्याच्या टोकाला सुपारीएवढा गोळा. आगीनं निळसर-जांभळा झालेला. मोराच्या मानेवर असतो ना, तसला रंग. “ह्ये मांडीतलं हाय,” तो म्हणाला, “आता लई निघत्यात. ठिवू का टाकू?” दादानं मान वर केली नाही. गुरुजींनी चष्मा लावून बघितलं. “काय आहे हे?” “बॉल आहे, गुरुजी.” “कसला बॉल?” मी सांगितलं. गुरुजी जरा बाजूला जाऊन कोणाला तरी फोन लावून आले आणि म्हणाले, “शरीराचं नव्हतं ना ते? मग बाजूला ठेवा. नदीत लोखंड कशाला?” मी ते रुमालात गुंडाळलं, गाडीच्या डिकीत ठेवलं. अस्थी नरसोबाच्या वाडीला संगमावर गेल्या, आणि हे माझ्याबरोबर पुण्याला आलं.

टेबलाच्या ज्या खणात जुने चार्जर, संपलेली पेनं आणि कशाच्या आहेत ते न कळणाऱ्या किल्ल्या असतात, त्या खणात मी ते ठेवलं. तीन-चार महिने तिथंच होतं. खण उघडला की आतल्या आत गडगडायचं आणि कडेला येऊन थांबायचं. बायको एकदा म्हणाली, “त्याचं काहीतरी करा बाबा.” काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं. भंगारात देता येईना. देवघरात ठेवावं असंही ते नव्हतं. आत्तीचे दागिने मुलींनी वाटून घेतले, लुगडी शेजारणींना गेली, चष्मा कुणीतरी नेला. आत्तीच्या अंगात सत्तावीस वर्षं असलेली ही एकच वस्तू, आणि ती कुणालाच नको होती.

आमच्या इचलकरंजीत ‘हिप रिप्लेसमेंट’ असं कुणी म्हणत नाही. ‘बॉल बदललाय’ म्हणतात. त्याआधीची पायरी म्हणजे ‘बॉल सुकलाय’. लहानपणी मला वाटायचं, विहीर आटते किंवा आंबा सुकतो तसा माणसाच्या कमरेत काहीतरी ओलं, गोल असतं आणि ते सुकतं. पुढं शाळेच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ असं चित्र आलं. आमच्या परड्यात खरं उखळ होतं, आत्ती त्यात तिखट कुटायची, त्यामुळे ते चित्र मला एकदम पटलं. उखळात मुसळ फिरतं तसं माणूस चालतो, एवढं विज्ञान मला पुरलं होतं.

आत्ती आमच्या मागांच्या शेडच्या पाठीमागच्या खोलीत सुताच्या कांड्या भरायची. कांडी मशीनवर एकाच वेळी सात-आठ कांड्या फिरत असतात, धागा तुटला की तो धरायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात चिमटायचा, एक आढी घ्यायची आणि सांधायचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिच्या बोटांकडं बघून मी कधी गाठ शिकू शकलो नाही, कारण ती दिसायचीच नाही. धाकटा झाला त्यानंतर वर्षभरातच तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की मूठ मिटायची नाही. चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, आणि दहा-अकरापर्यंत हात जरा मोकळे व्हायचे. आधी सगळे म्हणाले, ओल्या बाळंतपणात थंडी शिरली. मग वात म्हणाले. मग कुणीतरी आमवात असा शब्द आणला. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा, एरंडाची पानं, महानारायण तेल. तिच्या खोलीत गेलं की नाकाला पहिला तो वास यायचा आणि मागून स्टार्चचा, सुताचा. मनगटं फुगली तेव्हा बांगड्या साबण लावूनही निघेनात. कासाराला बोलावून त्या कापून काढल्या. नवरा जिवंत असताना बांगड्या कापल्या म्हणून आजी दोन दिवस जेवली नाही. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलत गेली, सगळी एका दिशेला, वारा लागलेल्या उसासारखी.

मग पुड्या आल्या. सीमेपलीकडच्या एका गावात कुणी वैद्य होता, तो पांढरी पूड कागदात बांधून द्यायचा. महिन्याच्या तीस पुड्या. आणि काय सांगू, जादू होती ती. आठवड्यात आत्ती उठून धुणं धुवायला बसली, पुरणपोळ्या लाटल्या, कांडी मशीनवर परत बसली. चेहरा गोल, तजेलदार झाला. “आत्तीनं अंग धरलं,” म्हणून आम्ही खूश. त्या पुड्यांत स्टेरॉईड असणार हे आता कुणीही सांगेल, तेव्हा आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. गंमत बघा, तोच चमत्कार १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरनं बघितला होता: आमवातानं खिळलेल्या एका तरुण बाईला त्यानं कॉर्टिसोनची, म्हणजे स्टेरॉईडचीच, इंजेक्शनं दिली आणि आठवडाभरात ती बाजारात हिंडून आली. दोन वर्षांत हेंचला नोबेल मिळालं. हे औषध रोग बरा करत नाही आणि त्याची किंमत शरीर नंतर मोजतं, हेही मग फार लवकर कळलं. आमच्याकडं कळायला चार दशकं लागली. आत्तीनं सहा वर्षं पुड्या खाल्ल्या. मग एक दिवस पाण्याची कळशी घेऊन उंबरा ओलांडताना तिचा उजवा पाय धरला तो धरलाच.

बॉल सुकला होता.

१९९४ मध्ये मिरजेला ऑपरेशन झालं. बाबांनी दोन माग विकले. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं की आत्ती पुढं जन्मभर कुणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसली नाही, “माझ्यापायी दोन माग गेलं,” असं म्हणायची. खरं तर ती कोणत्याच पंगतीला बसू शकत नव्हती. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खालचं काही उचलायला वाकायचं नाही, नाहीतर बॉल निसटेल. डॉक्टरांनी हे समजावताना हातवारे केले आणि आजीनं विचारलं, “मग बाई माणसानं जगायचं कसं?” प्रश्न चुकीचा नव्हता. संडास खालचा, चूल खालची, पाटा खाली, देव खाली. एक लाकडी खुर्ची आणली, तिला मधोमध भोक पाडून घेतलं, एक दुसरी स्वयंपाकघरात आली आणि तिसरी कांडी मशीनसमोर. घरात एकूण तीन खुर्च्या आल्या त्या आत्तीमुळे. पाहुणे आले की तिला उठवून त्यांना बसवायची पद्धत पडली होती, ते आठवलं की आजही कानकोंडं होतं.

मी तेव्हा बारावीत होतो, पण अक्कल चौथीची. बॉल लोखंडाचा आहे म्हटल्यावर तो वाजत असणार अशी माझी खात्री. एकदा दुपारी ती आडवी पडली होती तेव्हा मी तिच्या कमरेला कान लावला. “काय ऐकतोस रं?” “बॉल.” ती हसली, पाय वर-खाली करून दाखवला. मला काहीच ऐकू आलं नाही. पलीकडच्या शेडमध्ये बारा माग चालू होते, त्यात कुणाच्या हाडाचं काय ऐकू येणार?

हे सगळं मला त्या खणामुळे आठवत राहिलं, आणि एका रात्री झोप येईना म्हणून मी वाचायला बसलो. ही वस्तू कुणी केली? आधी कुणाच्या डोक्यात आली? वाचता वाचता नाव आलं जॉन चार्नली. जन्म १९११, गाव बरी, परगणा लँकेशर. मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्या गावाला सगळे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि हा माणूस खऱ्या मँचेस्टरच्या कुशीतल्या कापडगिरण्यांच्या मुलखातला. वडील औषधाचं दुकान चालवायचे, आई नर्स. मँचेस्टरला डॉक्टर झाला, लढाईत कैरोला जाऊन तिथल्या वर्कशॉपमध्ये हाडं बांधायच्या पट्ट्या बनवत बसला. थोडक्यात, सर्जन कमी आणि फिटर जास्त.

त्याची गोष्ट एका आवाजापासून सुरू होते. १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या ज्युडे बंधूंचा अ‍ॅक्रिलिकचा बॉल पुष्कळ सर्जन बसवत होते. तसा बॉल बसवलेला एक माणूस चार्नलीकडं आला. तक्रार दुखण्याची नव्हती. तो जेवणाच्या टेबलावर पुढं वाकला की त्याचा खुबा करकरायचा, इतका की बायकोला त्या खोलीत बसवेना. दुसऱ्या कुणी डॉक्टरनं हसून सोडून दिलं असतं. चार्नली मात्र त्या आवाजाच्या मागं लागला. करकरतं म्हणजे घासतं. बॉल उखळात सुखानं फिरत नाही, म्हणून सगळा जोर दांड्यावर येतो आणि दांडा हाडात ढिला होतो. मग देवानं केलेला सांधा का करकरत नाही? नुकत्याच कापाव्या लागलेल्या एका पायाचा गुडघा घेऊन त्यानं घर्षण मोजलं, तर ते बर्फावर बर्फ घसरतो त्याहूनही कमी निघालं. असं वंगण माणसाच्या हातून होणार नाही, हे त्यानं मान्य करून टाकलं. वंगण जमत नसेल तर मुळातच गुळगुळीत असलेला पदार्थ शोधायचा. आणि बॉल जेवढा छोटा तेवढा त्याला फिरवायला जोर कमी, म्हणून बॉल लहान लहान करत आणायचा. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, हेच म्हणायचा: जिथं तेल पोचत नाही तिथं बुश बदल.

त्याला सापडलं टेफ्लॉन. आज आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. १९५८ पासून त्यानं विगनजवळच्या रायटिंग्टन हॉस्पिटलात, जे आधी क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं, टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. वाटी आणि दांडा हाडात घट्ट बसावेत म्हणून दातांच्या कामात वापरतात तसलं अ‍ॅक्रिलिकचं सिमेंट, तेही मँचेस्टरच्या दंतवैद्यकातल्या माणसाच्या सल्ल्यानं. पेशंट टेबलावरून उठून चालायला लागले. दुखणं गेलं. सुमारे तीनशे जणांना त्या वाट्या बसल्या. मग वर्ष-दोन वर्षांत ते एकेक करून परत यायला लागले. टेफ्लॉन झिजत होतं. गुळगुळीत होतं, पण लोण्यासारखं मऊ. लहान बॉल त्यात भोक पाडत वर चालला होता, आणि झिजलेल्या पुडीभोवती शरीरानं पनीरासारखा लगदा साठवला होता. तीनशे माणसं. एकेकाला पुन्हा टेबलावर घ्यायचं, तो लगदा खरवडायचा, आपणच बसवलेलं आपणच काढायचं.

या ठिकाणी मी वाचणं थांबवून पाणी प्यायलो. पुड्यावाला डोळ्यासमोर आला. त्यानं कुणालाही परत बोलावलं नव्हतं. त्याच्याकडं परत गेलं की तो फक्त पुड्या वाढवायचा.

चार्नलीनं आणखी एक केलं. टेफ्लॉनची पूड आणि नंतर सापडलेल्या नव्या प्लॅस्टिकची पूड, दोन्ही त्यानं स्वतःच्याच मांडीत घालून घेतल्या. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी बोटाला लागेल अशी गाठ झाली होती, नव्याच्या जागी काही नव्हतं. हे त्यानं १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलं. कुणी याला शौर्य म्हणेल. मला ते थोडं प्रायश्चित्तासारखं वाटतं, आणि थोडं हट्टी माणसाच्या चिडीसारखं. दोन्ही एकाच मांडीत राहू शकतात.

पण या गोष्टीतला माझा माणूस चार्नली नाही. माझा माणूस हॅरी क्रेव्हन. रायटिंग्टनच्या वर्कशॉपमधला तंत्रज्ञ, आपल्या भाषेत जॉबर. १९६२ मध्ये टेफ्लॉन बुडालं आणि दुसरं काही सापडत नव्हतं, त्या दिवसांत एक विक्रेता त्याच्याकडं आला. तो विकत काय होता? लँकेशरच्या मागांना लागणारे प्लॅस्टिकचे गिअर. मागांचे! क्रेव्हननं नमुना ठेवून घेतला आणि चार्नलीला दाखवला. चार्नलीनं त्यात अंगठ्याचं नख रोवून बघितलं, नख उमटलं, आणि असल्यात वेळ घालवू नकोस अशा सुरात तो निघून गेला. क्रेव्हननं ऐकलं नाही. साहेब परदेशी परिषदेला गेले तेव्हा त्यानं तो तुकडा झीज मोजायच्या यंत्राला लावला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांत त्याची जेवढी झीज झाली, त्याहून जास्त टेफ्लॉनची एका दिवसात व्हायची. चार्नली परत आला, यंत्राकडं बघत उभा राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या पॉलिथिलीनची पहिली वाटी माणसात बसली.

आमच्या शेडमध्ये मोडक्या पिकरचा ढीग असायचा. पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा ठोकळा. धोट्याचं टोक एकाच जागी दिवसभर आदळून त्यात खोलगट भोक पडायचं. आधी चामड्याचे यायचे, मग पांढऱ्या, मेणचट प्लॅस्टिकचे आले. बाबा नवा पिकर घेतला की त्यात नख रोवून बघायचे. दुकानदाराला म्हणायचे, “मऊ हाय की रं ह्यो.” आणि तो म्हणायचा, “मऊ हाय म्हणूनच टिकतंय, काका. कडक असतंय त्ये फुटतंय.” जगातल्या किती जणांनी असं नख रोवलं असेल कोण जाणे. पण मला त्या रात्री बाबांचा अंगठा आणि चार्नलीचा अंगठा वेगळे दिसेनात. खुब्यातलं आणि पिकरमधलं प्लॅस्टिक एकच होतं असं मी म्हणत नाही. माग मात्र एकाच जातीचे होते.

पुढचं सगळं चार्नलीनं सावधपणे केलं. एकदा पोळलेला माणूस. ऑपरेशनच्या जखमेत पू व्हायचा, शंभरात सात-आठ जणांना. त्यासाठी हवा गाळण्याची यंत्रं करणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन त्यानं टेबलाभोवती काचेची बंदिस्त खोली उभी केली, आणि काही वर्षांत ते प्रमाण शंभरात एकाच्या खाली आणलं. कुणाही सर्जनला हा सांधा विकत मिळत नसे. आधी रायटिंग्टनला येऊन शिकायचं, मग. आणि त्यानं पेशंटांकडून सह्या घेतल्या, की आपण गेल्यावर हा खुबा काढून घेऊन परत द्यावा. झीज किती झाली, हाडानं सिमेंट कसं धरलं, हे फक्त वापरून झालेल्या सांध्यातच दिसतं. पुष्कळांनी आनंदानं सही केली म्हणे. वीस वर्षं पाय चालवला त्याच्या बदल्यात तेवढं तर द्यायलाच हवं, असं त्यांना वाटलं असेल.

मी खण उघडला. तो गडगडत कडेला आला.

आमच्याकडं जे परत आलं त्यात चार्नलीला बघण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. बॉल आणि दांडा पोलादाचा. त्यानं कुणाला फारसा त्रास दिलाच नाही. खरी लढाई सगळी वाटीसाठी. तीनशे माणसं, नखाची खूण, तीन आठवडे चाललेलं यंत्र, मांडीतली गाठ, सगळं त्या बोटभर जाडीच्या पांढऱ्या वाटीत होतं. आणि ती एकशेतीस-पस्तीस अंशांनाच वितळायला लागते. सरण नीट पेटायच्या आधीच ती गेली असणार. सिमेंटही गेलं. उरलं ते सगळ्यात सोपं होतं ते.

वाटी मी एकदाच बघितली होती, तीही न दिसणारी. २०१५ च्या सुमारास आत्ती परत लंगडायला लागली तेव्हा एक्सरे काढला. प्लॅस्टिक एक्सरेत उमटत नाही, म्हणून वाटीच्या कडेत एक बारीक तार घातलेली असते. डॉक्टरांनी पेनानं दाखवलं: ही तार, हा बॉल. बॉल तारेच्या मधोमध पाहिजे, आणि तो वर सरकलेला होता. “एकवीस वर्षांत एवढं झिजलंय. वर्षाला केसाएवढं.” झिजलेली पूड दिसत नाही, पण शरीराच्या पेशी ती गिळतात, पचवता येत नाही म्हणून चिडतात, आणि त्या चिडीत शेजारचं हाड कुरतडलं जातं. मी विचारलं, चिडतात म्हणजे? डॉक्टर म्हणाले, जे रसायन सोडून आमवातानं हिची बोटं खाल्ली, तेच इथंही सुटतं. टीएनएफ. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये ते रसायन अडवून आमवाताचे पहिले पेशंट हलके केले होते. तेव्हा आत्ती पुड्या खात होती. पुढं ती इंजेक्शनं आपल्याकडंही आली, पण त्यांचा दर ऐकून दादानं फाईल मिटली. आत्तीचं भागलं मेथोट्रेक्सेटवर. आठवड्यातून एकदाच, सोमवारी. चुकून रोज घेतलं तर जीव जाईल म्हणून कालनिर्णयावर प्रत्येक सोमवारी लाल गोल करून ठेवलेले असायचे. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिचा प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा. हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, “मग त्येला सांग, मळमळतंय लई.”

वाटी बदलायला ती तयार झाली नाही. “आता किती जायाचं हाय? झिजू दे.” सहा वर्षं आणखी गेली, त्याच वाटीवर. शेवटच्या वर्षी ती फक्त खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत जायची. तेवढंही दोन माग विकून झालेलं.

ती तार राखेत असणार होती. केसाएवढी बारीक, अर्धगोल. आम्ही कुणी शोधली नाही. आम्हाला माहीतच नव्हतं काय शोधायचं ते.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती वस्तू बरोबर नेली. आमच्या जॉबरचा मुलगा आता स्वतःचं लेथ चालवतो. त्याच्याकडं व्हर्निअर मागितला. त्यानं बॉल चिमटीत धरून माप घेतलं, बावीस पूर्णांक दोन मिलिमीटर, मग जरा थांबून बापाच्या सवयीनं म्हणाला, “सात सूत.” म्हणजे इंचाचे आठ भाग केले तर त्यातले सात. चार्नलीनं बॉल लहान करत करत जिथं आणून ठेवला, ते माप सात सूत. मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानं बॉलवर अंगठा फिरवला, म्हणाला, “फिनिशिंग कसलं जबरदस्त केलंतं हो. आगीनं खाल्लंय, न्हाईतर आरसा असणार ह्यो.”

संध्याकाळी दादाकडं गेलो. त्याच्या पुढ्यात रुमाल ठेवला आणि उलगडला नाही. त्यानंच उलगडला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ह्याची वाटी कुठाय?” जळाली म्हटलं. त्यानं डाव्या हाताचा तळवा वाटीसारखा केला, बॉल त्यात बसवला आणि उजव्या हातानं दांडा हळूहळू फिरवायला लागला. पुढं, मागं. माणूस चालताना मांडी फिरते तसा. तळव्याच्या कातड्यावर निळसर काळं लागलं. फिरवता फिरवता त्यानं तळवा कानाजवळ नेला.

“वाजतंय का रे?” मी विचारलं.

शेडमध्ये रात्रपाळीचे माग सुरू झाले होते. त्यानं कान तसाच ठेवला आणि हातानं मला थांब म्हणून खूण केली.